'स्मृतिचित्रे'तील हास्य आणि ख्रिस्ती जीवनातील चिरस्थायी आनंद

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या विवेचनात 'आनंद' ही संज्ञा वारंवार येते. तिची चिकित्सा मात्र पुरेशी होत नाही. धर्मांतरानंतर व्यक्तीला आनंद लाभला, हे श्रद्धावान वाचक गृहीत धरतो. तो आनंद म्हणजे नव्या मताचा उत्साह, असे संशयी वाचक समजतो. दोघेही निष्कर्ष आधी काढतात आणि साहित्यकृतीकडे नंतर वळतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांची भक्तिरचना आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र एकत्र वाचले असता या प्रश्नाला वेगळेच परिमाण लाभते. एका व्यक्तीला गवसलेल्या आनंदाची किंमत दुसऱ्या व्यक्तीने दुःखाने मोजली असेल, तर त्या आनंदास चिरस्थायी म्हणता येईल काय, असा तो प्रश्न आहे.

आनंदाची ख्रिस्ती संकल्पना

नव्या करारातील आनंद हा सुखाचा पर्यायी शब्द नव्हे. पौलाने फिलिप्पैकरांस पाठविलेले पत्र बंदिवासातून लिहिलेले आहे. आपल्या वाट्याला जीवन येणार की मरण, याविषयी लेखकच अनिश्चित आहे. तरीही अवघ्या चार अध्यायांच्या त्या पत्रात आनंदाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांशी परिपूर्ण आनंदाविषयी बोलतो, तो प्रसंगही अटकेपूर्वीच्या रात्रीचा आहे. ग्रीक भाषेत आनंदासाठी असलेला 'खारा' आणि कृपेसाठी असलेला 'खारिस' हे शब्द एकाच कुळातील आहेत. या नात्यातून संकल्पनेचा गाभा स्पष्ट होतो. हा आनंद कमावलेला नसून लाभलेला असतो. म्हणून त्याचा अहंकार बाळगता येत नाही आणि दुःखाच्या उपस्थितीने तो रद्दही होत नाही.

बाप्तिस्मा झाला म्हणजे आनंद स्थिर झाला, असेही ही परंपरा मानत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारणे आणि ख्रिस्त गवसणे या दोन गोष्टींत स्पष्ट भेद केला. या दोहोंच्या दरम्यान त्यांच्या आयुष्यातील अनेक वर्षे गेली होती. धर्मांतराचा क्षण आणि आनंदाचे स्थैर्य यांतील हे अंतर 'स्मृतिचित्रे'च्या वाचनात ध्यानी ठेवणे आवश्यक ठरते.

टिळकांच्या रचनेतील आनंद

टिळकांच्या भक्तिरचनेवर वारकरी परंपरेचा ठसा सर्वमान्य आहे. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. अभंग, भजन आणि कीर्तन ही रूपे त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजविली. ख्रिस्ताला गुरू आणि माउली मानून आळविले. परक्या चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांनी मराठी ख्रिस्ती मनाची जी उपासमार होत होती, ती या रचनांनी भागविली.

तथापि या आनंदाचे स्वरूप भावगीताचे आहे. भावगीताचा काळ वर्तमान असतो. भक्त आणि भगवंत समोरासमोर असतात. त्या भेटीत तिसऱ्याला, म्हणजे घरात वाट पाहणाऱ्या माणसांना, सहसा जागा नसते. आनंदाची उत्कटता व्यक्त करण्यास हे रूप समर्थ आहे. त्याचे चिरस्थायित्व सिद्ध करण्यास मात्र ते अपुरे पडते, कारण चिरस्थायित्वाची कसोटी काळाच्या ओघातच लागू शकते. ही मर्यादा कवीची नसून काव्यप्रकाराची आहे.

आनंदाची किंमत

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या दृष्टीने ही दीर्घ शोधाची सांगता होती. लक्ष्मीबाईंसाठी मात्र तो संसाराचा विध्वंस होता. पती जिवंत असून परका झालेला, पदरी मूल आणि आधार नातलगांचा, अशा अवस्थेत काही वर्षांचा विरह त्यांनी सोसला. पुढे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळाच ठेवला. जातिभेदाविषयीचे त्यांचे मत कालांतराने पालटले, ते पतीच्या आग्रहामुळे नव्हे, स्वतःच्या विचाराने. बाप्तिस्मा त्यानंतरचा.

१९५० साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी अनुवादास 'आय फॉलो आफ्टर' असे शीर्षक देण्यात आले. पत्नीने पतीच्या पावलांवर पाऊल ठेवले, असा त्याचा ध्वनी आहे. मूळ ग्रंथ या ध्वनीला दुजोरा देत नाही. लक्ष्मीबाई पतीच्या मागून गेल्या हे खरे. परंतु आपल्या गतीने, थांबत, भांडत आणि तपासून घेत गेल्या. या विलंबामुळेच त्यांच्या आनंदाला विश्वसनीयता प्राप्त होते.

हास्याचे स्वरूप

'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झाली. ग्रंथातील विनोदाची प्रशंसा समीक्षेने मुक्तकंठाने केली. पण त्याकडे प्रामुख्याने शैलीचा गुण म्हणून पाहिले. हा विनोद कोणावर आहे आणि तो काय साधतो, हे पाहिल्यास वेगळे चित्र दिसते.

पहिली गोष्ट अशी की, या हास्याचे लक्ष्य बहुतेक वेळा स्वतः लेखिकाच आहे. आपले अज्ञान, आपला भाबडेपणा, आपले सोवळे यांकडे ती मोकळेपणाने पाहते. दुसरी गोष्ट, हे हास्य दुःखाची नोंद टाळत नाही. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने सारे घर जेरीस आले होते. लक्ष्मीबाई त्या प्रकारातील हास्यास्पदता टिपतात. त्याच वेळी त्यामागचा आघातही सांगतात. १८५७ च्या उठावानंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली होती आणि त्या घटनेने वडिलांचे मन कायमचे हादरले होते. कारण कळल्याने छळ समर्थनीय ठरत नाही. परंतु छळणारा माणूस म्हणून दिसू लागतो.

पतीच्या चित्रणातही हीच दृष्टी आहे. टिळकांचा शीघ्रकोप, न सांगता घर सोडून जाण्याची खोड, घरात चणचण असताना हातचे दुसऱ्याला देऊन टाकण्याची वृत्ती यांतील काहीही झाकलेले नाही. एका लोकमान्य धर्मोपदेशकाचे हे चित्र त्याच्याच पत्नीने, त्याच्या निधनानंतर, रेखाटले आहे. येथे कटुतेला भरपूर वाव होता, तसाच मूर्तिपूजेलाही. ग्रंथ दोन्ही मोह टाळतो. पतीच्या आनंदाची किंमत आपण मोजली, हे लेखिका विसरत नाही. मात्र हिशेब मांडून वसुली करीत नाही. क्षमेची भाषा न उच्चारता घडलेली ही क्षमा आहे. ख्रिस्ती आनंदाचा कृपेशी असलेला संबंध जर कोठे मूर्त झाला असेल, तर तो या हिशेब सोडून देणाऱ्या हास्यात.

एक आक्षेप

हा विनोद लक्ष्मीबाईंच्या स्वभावाचा भाग असून त्याचा ख्रिस्ती श्रद्धेशी संबंध जोडणे अनाठायी आहे, असा आक्षेप संभवतो. त्यात तथ्य आहे. मिश्कीलपणा त्यांच्या अंगी उपजतच असावा. परंतु घटनांचा काळ आणि कथनाचा काळ यांत येथे भेद करावयास हवा. विरहाच्या दिवसांत लक्ष्मीबाई हसत नव्हत्या. त्या दिवसांचे त्यांनी केलेले वर्णन वाचताना वाचकाचा जीव गलबलतो. हसते ती साठी ओलांडलेली कथनकर्ती, जिने ते दिवस मागे टाकले आहेत आणि तरी विस्मृतीत जाऊ दिलेले नाहीत. स्वभावाने विनोदबुद्धी दिली. तिच्यातला डंख काढून घेण्याचे काम मात्र स्वभाव करीत नाही. विनोदी माणसे कडवट होऊ शकतात, हे मराठी साहित्याला अपरिचित नाही.

दुसरे असे की, लक्ष्मीबाई श्रद्धेचे प्रवचन करीत नाहीत. आपल्या जीवनातील प्रत्येक आपत्तीला दैवी योजनेचे स्पष्टीकरण चिकटविण्याची धर्मांतरकथांत आढळणारी सवय येथे जवळजवळ नाही. श्रद्धा येथे विधानांत कमी आणि दृष्टीत अधिक आहे. त्यामुळेच ख्रिस्ती नसलेला मराठी वाचकही या ग्रंथाला आपला मानत आला आहे.

समारोप

टिळकांचे गीत आणि लक्ष्मीबाईंचे गद्य यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचे कारण नाही. गीताने आनंदाचा उगम दाखविला. गद्याने त्याची कसोटी पाहिली. आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर या दोहोंच्या एकत्रित वाचनातून मिळते. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवून टिकलेला आनंद चिरस्थायी म्हणता येत नाही. तो केवळ अबाधित राहिलेला असतो. ज्याला ती किंमत ठाऊक आहे, जो ती नाकारत नाही आणि तरीही आटत नाही, त्या आनंदासच चिरस्थायी हे विशेषण शोभते. टिळकांच्या घरात असा आनंद निर्माण झाला. पण त्याची ग्वाही ज्याने तो प्रथम गायिला त्याच्यापेक्षा जिने तो उशिरा, आपल्या पायांनी चालत जाऊन गाठला, तिच्या गद्यात अधिक भरवशाने मिळते. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासक्रमात 'स्मृतिचित्रे' केवळ कौटुंबिक आठवणींचा किंवा सुबोध शैलीचा नमुना म्हणून शिकविली जाते, तेव्हा ही ग्वाही ऐकू येत नाही. या ग्रंथाचे श्रद्धेच्या दृष्टीने आणि तितक्याच चिकित्सक वृत्तीने पुनर्वाचन होणे म्हणूनच अगत्याचे आहे.