‘अलीगढ’ : गैरवर्तन कोणाचे?

विद्यापीठांच्या शिस्तविषयक कागदपत्रांत ‘गैरवर्तन’ हा शब्द हमखास आढळतो. परीक्षेतील कॉपी, वसतिगृहातील मद्यपान, मारामारी या साऱ्यांना तो पुरतो. परंतु हाच शब्द माणसाच्या अगदी खासगी आयुष्याला चिकटवला तर काय घडते, याचा विचार करायला हंसल मेहता यांचा ‘अलीगढ’ (२०१६) हा चित्रपट भाग पाडतो. चित्रपट हिंदी असला तरी त्याचा नायक मराठीचा प्राध्यापक आणि मराठी कवी आहे. म्हणूनच आपल्या त्रैमासिकात त्याची दखल घेणे अगत्याचे वाटते.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नागपूर विद्यापीठाचे विद्यार्थी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवीत. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या कवितासंग्रहाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या निवासस्थानी घुसली आणि एका रिक्षाचालकासमवेत असलेल्या सिरसांचे त्यांनी चित्रीकरण केले. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने गैरवर्तनाचा ठपका ठेवून सिरसांना निलंबित केले. निवृत्ती अवघ्या काही महिन्यांवर आली असताना त्यांच्यावर घर सोडण्याची वेळ आली. दोन प्रौढांमधील संमतीचे खासगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्येच दिला होता, हे येथे ध्यानात घ्यावे. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला सिरस भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले.

अशा विषयावर आरडाओरडा करणारा चित्रपट काढणे सोपे होते. मेहता आणि पटकथाकार अपूर्व असरानी यांनी तो मोह टाळला आहे. मनोज बाजपेयी यांचे सिरस हे कोणत्याही चळवळीचे नायक नाहीत. रात्री एकटेच लता मंगेशकरांचे जुने गाणे ऐकत बसणारा हा एक थकलेला गृहस्थ आहे. न्यायालयात दोन्ही बाजूंचे वकील हिरिरीने भांडत असताना हे गृहस्थ आपल्या कवितांच्या अनुवादात गढलेले असतात. ज्याच्याविषयी सारे बोलत आहेत, तोच त्या बोलण्याबाहेर आहे! चित्रपटाचे मर्म मला या प्रसंगात सापडले.

तथापि एक उणीव नमूद केलीच पाहिजे. त्या रिक्षाचालकाला चित्रपटात फार थोडी जागा मिळाली आहे. प्राध्यापकाच्या मागे वकील, वार्ताहर आणि न्यायालय उभे राहिले. त्या गरिबाच्या मागे कोण होते? त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न प्रेक्षकाला पडतो, पण चित्रपट त्याच्यापाशी रेंगाळत नाही.

अशा कारवाईला जुनी परंपरा आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने १९२० साली आत्महत्या केली. त्याच्या पत्रांवरून पाच अधिकाऱ्यांनी गुप्त न्यायासन भरवले, मुलांना एकेकटे बोलावून त्यांच्या खासगी आयुष्याची उलटतपासणी केली आणि काहींना विद्यापीठातूनच नव्हे, तर गावातूनही घालवून दिले. ही कागदपत्रे २००२ साली तेथील विद्यार्थी वृत्तपत्राने उजेडात आणली. आपल्याकडे विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकात कॉलेजातल्या अशाच एका मुलीची शोकांतिका मांडली. तिथेही गुपित दुसऱ्याच्या हाती पडते आणि त्याचे हत्यार होते. तीनही ठिकाणी उघडे पाडणारा ताठ मानेने वावरतो आणि उघडा पडलेला संपतो.

अलीकडे मात्र त्या जुन्या शब्दाचा रोख बदलला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती केली. लैंगिक कलावरून एखाद्या विद्यार्थ्याचा छळ करणे किंवा त्याला वाळीत टाकणे, हेच आता रॅगिंग ठरते. म्हणजे गैरवर्तन छळणाऱ्याचे, छळ सोसणाऱ्याचे नव्हे. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले.

धर्मगुरू या नात्याने मला ख्रिस्तसभेची लैंगिक नीतीविषयीची शिकवण ठाऊक आहे आणि मी ती लपवीत नाही. परंतु १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात समलिंगी कल असणाऱ्यांना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावे, त्यांच्याशी अन्याय्य भेदभाव करू नये, असेही सांगितले आहे. पहिला भाग आपल्याला तोंडपाठ असतो, दुसरा मात्र आपण विसरतो. पापनिवेदनात ऐकलेला शब्द धर्मगुरूने प्राण गेला तरी बाहेर काढायचा नसतो. दुसऱ्याच्या मनाचे दार बाहेरून फोडण्याचा अधिकार कोणालाही नाही, हेच सेमिनरीत आम्हाला शिकवले गेले.

आपल्या धर्मग्रामांतली मुले आज परभणीच्या कृषी विद्यापीठात, नांदेडला, पुण्याला वसतिगृहांत राहतात. उद्या त्यांच्यापैकी एखाद्याचे नाव कुजबुजीत ऐकू आले, तर आपण त्या खोलीचे दार हलकेच वाजवू, की कॅमेरा घेऊन घुसणाऱ्यांच्या मागे उभे राहू? ‘अलीगढ’ पाहून झाल्यावर प्रत्येक घराने हा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा.