फोटोवरून अळंबी ओळखता येते का?

गेल्या पावसात आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या सोसायटीच्या लॉनवर एका रात्रीत ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या. शेजारच्या काकूंनी फोटो दाखवला. "अगं, तुझ्या त्या ॲपमध्ये टाक ना. भाजी करू की नको, एवढंच सांग."

'ते ॲप' म्हणजे आयनॅचरलिस्ट. मी ते रोज वापरते, म्हणून आज त्याच्याबद्दल थोडी तक्रार.

कौतुक आधी. बारवीच्या जंगलात कुठली अळंबी कुठल्या आठवड्यात दिसली, याची तारीख-ठिकाणासकट नोंद ठेवायला याच्याइतकं सोपं साधन माझ्याकडे दुसरं नाही. पण तिथल्या 'रिसर्च ग्रेड' या शिक्क्याचा अर्थ नीट बघा. ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त लोकांचं प्रजातीवर एकमत झालं की तो मिळतो. दोन माणसंही पुरतात. पक्ष्याच्या बाबतीत ठीक आहे हो! अळंबीच्या बाबतीत ती दोघंही एकच फोटो बघत असतात, आणि ओळखीची खूण बऱ्याचदा फोटोत नसतेच.

लॉनवरची क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस घ्या. खाल्ली की काही तासांत उलट्या-जुलाब. हिची खरी खूण म्हणजे हिरवट बीजाणू. पण छत्री कोवळी असताना खालच्या पात्या, म्हणजे गिल्स, पांढऱ्याच असतात. म्हणजे तुम्ही खालून फोटो काढलात तरी फसाल.

आपल्याकडे वारुळावर येणारी, लोक आवडीनं खातात ती अळंबी टर्मिटोमायसिस या वंशातली. तिचे बीजाणू गुलाबीसर, आणि देठ मुळासारखा खाली वाळवीच्या घरापर्यंत गेलेला. वरून फोटो काढला, देठ जमिनीलगत मोडला, की संपलं. हा वंश आफ्रिका आणि आशियाच्या उष्ण भागातला, त्यामुळे युरोपातलं फील्ड गाइड कितीही सुंदर असलं तरी त्यात तो सापडणार नाही.

मग पुस्तक कुठलं? १९८० साली पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीनं साठे आणि सहकाऱ्यांचा नैर्ऋत्य भारतातल्या ॲगॅरिकेल्सवरचा ग्रंथ काढला. महाराष्ट्र, केरळ, कर्नाटक असे तीन भाग. आपल्या मातीतलं काम म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. पण तो इंग्रजीत, तज्ज्ञांसाठी; काकूंच्या काय कामाचा? शिवाय तो डीएनएच्या आधीचा. बुरशींसाठी आयटीएस हा बारकोड मान्य झाला २०१२ मध्ये. अर्थात डीएनएनंही सगळं सुटत नाही. तुमचा क्रम जुळवायचा तो कुणीतरी नाव देऊन ठेवलेल्या क्रमाशी, आणि ते नावच चुकीचं असलं तर? म्हणून वाळवून हर्बेरियममध्ये ठेवलेला नमुना लागतो. शंका आली तर तीस वर्षांनी तोच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेता येतो. फोटो नाही घेता येत.

आयनॅचरलिस्टनं बुरशीच्या नोंदीत बीजाणू-ठशाचा रंग मागावा आणि तो नसेल तर शिक्का वंशापर्यंतच थांबवावा, एवढीच माझी मागणी आहे.

काकूंना मी देठ कापून छत्री कागदावर पालथी ठेवायला सांगितली, अर्धा कागद पांढरा, अर्धा काळा. वर वाटी झाकली. सकाळी ठसा मळकट हिरवा. काकूंनी त्या दिवशी मेथी केली.