नागपूर करार आणि अनुच्छेद ३७१ : एका वचनाचे पाठभेद

ऐतिहासिक कागद म्हटला म्हणजे तो मोडी लिपींतला, शिक्कामोर्तबाचा आणि निदान शेंदीडशें वर्षांपूर्वींचा असावा, असा एक समज संग्राहकांत रूढ आहे. ह्या समजामुळें अलीकडच्या, परंतु लाखों लोकांच्या व्यवहारास वळण देणाऱ्या कागदांची उपेक्षा होते. ता. २८ सप्टेंबर १९५३ रोजीं झालेला नागपूर करार हा अशांपैकींच होय. त्याच्या नांवानें सभांतून व वृत्तपत्रांतून आरोप-प्रत्यारोप नित्य होतात. पण तो समोर ठेवून, पुढील कागदांशीं त्याचा पाठ ताडून पाहण्याकडे कल कमी दिसतो. प्रस्तुत लेखांत तेंच करण्याचें योजिलें आहे.

(१) कागदाची ओळख. राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला तो १९५३ च्या डिसेंबरांत. करार त्याच्या तीन महिने आधींचा आहे. म्हणजे सरकारी चौकशीस दिलेलें हें उत्तर नसून, मुंबई, मध्यप्रदेश व हैदराबाद अशा तीन राज्यांतील मराठी पुढाऱ्यांनीं आपापसांत ठरविलेल्या ह्या अटी आहेत. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे प्रभृतींच्या सह्या त्यावर असून, मराठवाड्याच्या बाजूनें देवीसिंह चौहान व लक्ष्मणराव भाटकर हे आहेत. कराराचें स्वरूप कायद्याचें नाहीं. त्याच्या पालनास कोणतेंहि न्यायालय बांधलेलें नव्हतें. आमच्या जुन्या परिभाषेंत बोलावयाचें तर हा कौलनामा आहे, सनद नव्हे.

मराठवाड्याच्या दृष्टीनें ह्या भेदास विशेष महत्त्व आहे. परभणी जिल्ह्याच्या त्या वेळच्या हद्दींतील साखरा गांव घ्या. ह्या मुलखास राज्यकारभारांतील जो जो फेरफार मिळाला तो वरून आलेल्या फर्मानानें मिळाला. १८९३ चें कायदेमंडळ फर्मानाचें. १९३९ च्या सुधारणा फर्मानाच्या, आणि त्यांतहि प्रतिनिधित्व गांवोगांवच्या रयतेस नसून धंदेवार. फार काय, भारताचें संविधान स्वीकारल्याचें २३ नोव्हेंबर १९४९ चें पत्रहि निजामाचें फर्मानच होतें. १९५२ च्या निवडणुकींत ह्या रयतेनें प्रौढ मताधिकार प्रथम बजावला. त्याच्या पुढच्याच वर्षीं तिच्या वतीनें बरोबरीच्या नात्यानें केलेला पहिला मोठा लेख म्हणजे नागपूर करार. म्हणून त्याचा पाठ काळजीनें वाचणें अवश्य आहे.

(२) पाठांची तुलना. करारांतील मुख्य वचनें अशीं : महाविदर्भ, मराठवाडा व उर्वरित प्रदेश हे विकास व कारभार यांसाठीं तीन घटक मानावे, एका सरकारच्या गरजांस बाध न येतां घटकांस पैसा लोकसंख्येच्या प्रमाणांत मिळावा, मराठवाडा अविकसित असल्यामुळें त्याच्या सर्वांगीण उन्नतीकडे विशेष लक्ष द्यावें, ह्याबाबतचा अहवाल दरवर्षीं विधानसभेपुढें यावा, नोकऱ्या व धंदेशिक्षण यांतहि लोकसंख्येचें प्रमाण राखावें, आणि सरकारनें कांहीं काळ नागपुरास मुक्काम करून वर्षांतून निदान एक अधिवेशन तेथें भरवावें.

संविधानाच्या सातव्या दुरुस्तीनें बदललेला अनुच्छेद ३७१ ता. १ नोव्हेंबर १९५६ पासून अमलांत आला. त्याच दिवशीं मराठवाड्याचे पांच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यांत आले. अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडांत तींच वचनें आढळतात, परंतु पुढील फरकांनीं :

पहिला फरक : ‘लोकसंख्येच्या प्रमाणांत’ हे शब्द जाऊन ‘समन्यायी’ हा शब्द आला. प्रमाण मोजतां येतें. समन्यायाविषयीं वाद घालतां येतो. दुसरा : मराठवाड्याकडे विशेष लक्ष देण्याचें वचन समूळ गळालें. तिसरा : अहवाल राहिला, परंतु करारांत तो पैशाच्या वांटपाचा होता, तर अनुच्छेदांत विकास मंडळांच्या कामाचा झाला. चौथा व सर्वांत मोठा : करारांत कर्तव्य राज्य सरकारचें व साक्षीदार विधानसभा होती, अनुच्छेदांत राष्ट्रपति आदेशानें राज्यपालावर विशेष जबाबदारी सोंपवूं शकतात, एवढेंच आहे. ‘करावें’ याच्या जागीं ‘करतां येईल’ असा पाठ आला.

एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. संपूर्ण राज्याच्या गरजांची मर्यादा अनुच्छेदानें नव्यानें घुसडली, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाहीं. ती मर्यादा मूळ करारांतच आहे. तसेंच अनुच्छेदाची भाषा सौराष्ट्र व कच्छ यांसहि लागू करावयाची असल्यामुळें ती कांहींशी मोघम होणें अपरिहार्य होतें. पण एका घटकाचें नांव घेऊन दिलेलें वचन त्या ओघांत नाहींसें झालें, हें नाकारतां येत नाहीं.

(३) ‘विशेष जबाबदारी’ ह्या शब्दांचें मूळ. हे शब्द १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यांतून आले आहेत. तेथें ५२ व्या कलमान्वयें प्रांतांच्या गव्हर्नरांवर विशेष जबाबदाऱ्या होत्या, आणि लोकनियुक्त मंत्र्यांच्या डोक्यावर ही टांगती तलवार नको म्हणून काँग्रेसनें १९३७ सालीं कित्येक महिने अधिकारग्रहण लांबविलें होतें. ज्या शब्दांस लोकपक्षानें एकदां हरकत घेतली, तेच शब्द १९५६ सालीं लोकसत्ताक राज्याच्या संविधानांत मागासलेल्या भागाचें कवच म्हणून आले.

हें योग्य झालें काय? आमच्या मतें प्रश्नास दोन बाजू आहेत. विधानसभेच्या २८८ जागांपैकीं मराठवाड्याच्या वांट्यास ४६ येतात. निव्वळ बहुमतानें चालणाऱ्या सभेंत अल्पसंख्य प्रदेशाची दाद लागेलच असें नाहीं, म्हणून बहुमताबाहेरचा एखादा राखणदार असावा, ही कल्पना चुकीची नव्हे. परंतु राज्यपाल हा नेमलेला अधिकारी. तिजोरीच्या चाव्या विधानसभेच्या हातीं. ज्याच्यावर कर्तव्य, त्याच्या हातीं पैसा नाहीं. ज्यांच्या हातीं पैसा, त्यांच्यावर कर्तव्य नाहीं. दोन सत्तांचा समतोल राखावयाचा तर दोहोंस जोडणारा दुवा हवा, आणि तो दुवा म्हणजे दरवर्षींचा अहवाल. करारकर्त्यांनीं हें नेमकें ओळखलें होतें.

(४) वचनाची अंमलबजावणी. अनुच्छेद आला १९५६ त. त्याखालीं विकास मंडळें स्थापन झालीं ता. ३० एप्रिल १९९४ रोजीं. मध्यें साडेसदतीस वर्षें गेलीं, आणि तीं लोटण्यापूर्वीं १९८४ सालीं विधिमंडळासच ठराव करून मंडळें मागावीं लागलीं. पुढें मंडळांस मुदत होती. ती वेळोवेळीं वाढवावी लागे. ता. ३० एप्रिल २०२० रोजीं मुदत संपली ती वाढविली गेली नाहीं. २०२२ सालीं राज्य मंत्रिमंडळानें मंडळांच्या पुनःस्थापनेची शिफारस करण्याचें ठरविलें. आमच्या वाचकांस येथें इनामाच्या सनदांचें स्मरण होईल. प्रतिवर्षीं नवें पत्र मागूं नये, अशी ताकीद त्या सनदांत कमाविसदारास दिलेली असते. कारण दर वर्षीं ताजें पत्र लागणारें इनाम हें इनामच नव्हे, हें जुन्या कारकुनांस ठाऊक होतें. संविधानासारख्या चिरस्थायी लेखांतील हक्कास मात्र ताज्या पत्राची गरज राहिली.

परिणामाची साक्ष आंकडे देतात. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीनें १९८४ सालीं राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७७ कोटी रुपये काढला. त्यांत मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी, म्हणजे शेंकडा २३.५६. पुढील निर्देशांक व अनुशेष समितीनें १९९४ ची स्थिति धरून एकूण १४,००६.७७ कोटी काढला. त्यांत मराठवाड्याचा ४,००४.५५ कोटी, म्हणजे शेंकडा २८.५९. किंमती वाढल्यामुळें रकमांची तुलना करणें सदोष होईल. परंतु हिस्साहि वाढला, हें किंमतींनीं समजावितां येत नाहीं. उलट नागपूरच्या अधिवेशनाचें वचन बहुतेक वर्षीं पाळलें गेलें. जें डोळ्यांस दिसतें तें टिकलें; जें हिशेबांत शोधावें लागतें तें मागें पडलें.

शिवाय दांडेकर समितीनें जिल्हा हा घटक धरला होता. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं निर्माण झाला. तोंपर्यंत साखरा व त्याच्या आसपासच्या गांवांची उणीव परभणीच्या सरासरींत बुडालेली होती.

(५) ‘बिनशर्त’ हा शब्द. मराठवाडा महाराष्ट्रांत बिनशर्त आला, असें गौरवानें म्हटलें जातें. भावनेच्या दृष्टीनें तें खरें असेल. कागदाच्या दृष्टीनें नाहीं. मराठवाड्याच्या प्रतिनिधींच्या सह्या असलेला, अटी नमूद केलेला लेख उपलब्ध असतां हा शब्द वापरणें म्हणजे आपल्याच हातानें दस्तऐवज रद्द करणें होय.

निष्कर्ष असा कीं, ह्या प्रकरणांत वचनभंग एका दिवशीं झाला नाहीं. तो पाठांतराच्या प्रत्येक पायरीवर थोडा थोडा झाला. म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, करार, अनुच्छेद, १९९४ चा आदेश व त्यानंतरचीं मुदतवाढीचीं पत्रें समांतर रकान्यांत एकत्र छापावीं. दुसरें, मंडळांचे वार्षिक अहवाल व त्यांच्याशीं ताडून पाहण्यास साखऱ्यासारख्या गांवांच्या ग्रामपंचायतींचे ठराव व अर्ज हे रद्दींत जाण्यापूर्वीं संग्रहांत यावे. सनद देणाऱ्याची प्रत मुंबईस मिळेल. तिचा अंमल झाला कीं नाहीं, हें सांगणारा कागद गांवच्या दप्तरांतच असतो.