जात्यावरील ‘मी’ आणि अर्थाचे स्वामित्व

हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पातील ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांचा ‘स्टोनमिल अँड भक्ती’ हा ग्रंथ १९९६ साली नवी दिल्लीत प्रसिद्ध झाला. हे संकलन गुणात्मक संशोधनापुढे एक पेच उभा करते. ओवीतील ‘मी’ एकवचनी असला, तरी जात्यावर एकीने काढलेली ओळ दुसरी उचलून धरते. गटमुलाखतीतील अर्थही असाच घडतो. तो एका निवेदिकेच्या नावे मांडणे म्हणजे त्याची घडण पुसणे होय. मात्र सामूहिक होकार हे नेहमीच एकमत नसते. सासूसमोर सुनेने राखलेले मौन हाही संहितेचाच भाग असतो. आरंभ कोणाचा, दुरुस्ती कोणाची, मौन कोणाचे, हे न नोंदवणारे प्रतिलेखन अर्थ जपते आणि त्याचे स्वामित्व हरवते.