आवाजाचा धनी

जुनी पॉप गाणी यंत्राकडून धुऊन काढायची जी चटक गेल्या काही वर्षांत लागली आहे, तिच्याबद्दल आता गप्प राहणं अवघड झालं आहे. २०२२ साली बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’चं नवं मिक्सिंग निघालं. मूळ टेपवर एकमेकांत मिसळून गेलेली वाद्यं त्यासाठी संगणकाने सुटी केली होती. पुढच्याच वर्षी ‘नाऊ अँड देन’साठी जॉन लेननचा गळा त्याच्या घरगुती कॅसेटवरच्या पियानोतून सोडवून घेतला गेला, आणि २०२५ मध्ये त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. कॅसेटबद्दल माझी तक्रार नाही, कारण तिच्यातली खरखर कोणी योजलेली नव्हती. तक्रार आहे ती या यशातून रुजत चाललेल्या समजुतीबद्दल. गाणं म्हणजे चाल, शब्द आणि गळा. ध्वनिमुद्रण हा त्यावर बसलेला थर, जमेल तेव्हा खरवडून टाकावा, अशी ती समजूत आहे. पॉप संगीताला ती लावता येत नाही. पॉपमध्ये अनेकदा तो ‘थर’ हीच रचना असते, आणि तो बसवणारा माणूस त्या रचनेचा कर्ता असतो. लंडनच्या जो मीक या निर्मात्याने हे जितकं ठळकपणे दाखवलं तितकं दुसऱ्या कोणी क्वचितच दाखवलं असेल. त्याच्या मृत्यूनंतर चहाच्या खोक्यांत बंद होऊन पडलेल्या दीड हजारांहून अधिक टेपा २०२० साली चेरी रेड या कंपनीने घेतल्या, आणि तो साठा आता हळूहळू लोकांसमोर येत आहे. धुलाईची ही हौस उद्या त्या टेपांकडे वळणार, ही भीती या लेखामागे आहे.

मीकला वाद्य वाजवता येत नव्हतं, स्वरलिपी वाचता येत नव्हती. सुचलेली चाल तो बेसूर गुणगुणत टेपवर भरून ठेवी आणि ती वादकांनी उलगडावी अशी अपेक्षा करी. त्याचं सगळं संगीतज्ञान कानात होतं. हवाई दलात रडारचं काम करून आलेला हा तंत्रज्ञ १९५६ साली हम्फ्री लिटलटनच्या ‘बॅड पेनी ब्लूज’चं मुद्रण करत होता, तेव्हा त्याने पियानोचा डावा हात पुढे ओढला आणि आवाज असा दाबून भरला की तो जवळजवळ फाटतो. लिटलटनला स्वतःला ते रुचलं नाही. पण तबकडी टॉप ट्वेंटीत गेली, आणि बारा वर्षांनी आलेल्या ‘लेडी मॅडोना’च्या पियानोत तिचे पडसाद स्पष्ट ऐकू येतात. पुढे होलोवे रोडवर, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरच्या ३०४ क्रमांकाच्या भाड्याच्या खोल्यांत, त्याने स्वतःचा स्टुडिओ थाटला. वादकांना जिन्यात, न्हाणीघरात, जागा मिळेल तिथे उभं करून त्याने १९६१ साली जॉन लेटनचं ‘जॉनी रिमेंबर मी’ केलं आणि ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. ईएमआयच्या स्टुडिओत तंत्रज्ञ पांढरे कोट घालून काम करत आणि माइक वाद्याच्या किती जवळ न्यायचा याचेही नियम असत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

‘टेलस्टार’ त्याच्या पुढच्या वर्षीचं. जुलै १९६२ मध्ये त्याच नावाचा उपग्रह सोडला गेला आणि ऑगस्टमध्ये टॉर्नेडोज या वाद्यवृंदाची तबकडी दुकानात आली. ब्रिटनमध्ये ती पाच आठवडे पहिली राहिली, आणि अमेरिकेच्या यादीत पहिला क्रमांक मिळवणारा टॉर्नेडोज हा पहिला ब्रिटिश बँड ठरला. तिची धून वाजते क्लॅव्हियोलिनवर. या वाद्याचं नाव आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसलं तरी त्याचा आवाज घराघरात पोचलेला आहे, कारण १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन ती हीच. मुंबईत त्या वाद्यातून गारुडी निघाला आणि लंडनमध्ये अवकाश. मीकने त्याच्याकडून अवकाश काढून घेतलं ते टेपच्या जोरावर. एका टेपरेकॉर्डरवरचं वादन दुसऱ्यावर उतरवायचं, उतरवताना त्यात नवा थर भरायचा, टेपचा वेग वाढवायचा, प्रतिध्वनी चढवायचा. प्रत्येक वेळी आधीचा थर कायमचा बुजत जाई आणि मागे फिरायची वाट बंद होई. धुवून काढू पाहणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. ‘टेलस्टार’मधला धुरकट, किंचित फाटलेला आवाज हा कमी पैशांचा परिणाम तर आहेच, पण मीकने त्या परिणामाकडे कान देऊन ‘असंच हवं’ म्हटलेलं आहे. ज्यावर पुढचा प्रत्येक निर्णय उभा आहे तो धूरच काढून घेतला, तर हाती एक बालिश चाल उरते.

हीच परंपरा मला पॉप निर्मितीतली सगळ्यात मोलाची वाटते. जमैकात ली ‘स्क्रॅच’ पेरीने ‘ब्लॅक आर्क’मध्ये चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर थरावर थर दाबत जो दमट, जिवंत आवाज घडवला तो याच घराण्यातला. सॉफी या स्कॉटिश निर्मातीकडे साधनांचा तुटवडा नव्हता, तरी ती तयार सॅम्पल टाळून प्रत्येक ठोका सिंथेसायझरवर मुळापासून घडवत असे. २०२१ साली तिच्या अपघाती मृत्यूने या परंपरेचं झालेलं नुकसान अजून भरून निघालेलं नाही. बिली आयलिशचा भाऊ फिनियस याने दाताच्या डॉक्टरच्या ड्रिलचा आवाज गाण्यात घेतला तेव्हा तोही क्षणभर या वाटेवर होता. बाकीच्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मॅक्स मार्टिन उत्तम कारागीर, पण त्याच्या गाण्यांना ठिकाण नाही. रिक रुबिनची कीर्ती त्याच्या आजच्या कामाहून मोठी आहे. आणि विकतची सॅम्पल पॅक लावून रोज एक ‘बीट’ बाजारात आणणाऱ्यांनी स्वतःला मीकचे वारस म्हणवू नये. घरी बसून काम करणं हे त्याचं वैशिष्ट्य नव्हतं. निर्णय घेणं हे होतं.

मीकच्या ऱ्हासाची कहाणी मात्र जवळजवळ नेहमी चुकीची सांगितली जाते. विक्षिप्त प्रतिभावंत, गोळ्यांचं व्यसन, संशयाने पोखरलेलं मन, शेवटी बंदूक: चित्रपटाला हे सोयीचं पडतं. यातलं काही खोटं नाही, आणि ३ फेब्रुवारी १९६७ रोजी त्याने घरमालकीण व्हायोलेट शेंटन यांचा जीव घेऊन मग स्वतःचा घेतला, याला कोणतीही सबब नाही. पण मनाच्या आजाराने सगळं उलगडत नाही. १९६३ मध्ये फ्रेंच संगीतकार जाँ लेद्रू यांनी ‘टेलस्टार’वर चोरीचा दावा लावला आणि त्या धुनीची रॉयल्टी गोठली. निकाल मीकच्या बाजूने लागला, तोही त्याच्या मृत्यूनंतर. त्याच १९६३ मध्ये समलैंगिक वर्तनावरून त्याला शिक्षा झाली, गवगवा झाला. ज्या कायद्याच्या छायेत तो जगला तो त्याच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत, जुलै १९६७ मध्ये शिथिल झाला. स्वतंत्र निर्माता म्हणून स्टुडिओ, वादक, भाडं यांचा भार त्याच्यावर होता, आणि सर्वांत मोठी मिळकत न्यायालयात अडकून पडली होती.

यावर म्हटलं जातं की बीटल्स आले, बँड स्वतःची गाणी लिहू लागले, मीक कालबाह्य झाला, त्यात नवल काय? अर्धं खरं आहे. हाइन्झसारख्या देखण्या पण गळा नसलेल्या मुलावर त्याने वर्षं खर्च केली आणि त्या तबकड्या आज ऐकवत नाहीत. गायकाला तो वाद्याइतकंच वाकवायचा, हा आरोपही मान्य. पण १९६४ साली, बीटल्सच्या ऐन भरात, हनीकोम्ब्जचं ‘हॅव आय द राइट’ पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्यातला गाजलेला ठेका म्हणजे होलोवे रोडच्या लाकडी जिन्यावर आपटलेले पाय आहेत. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये ज्या गोष्टींचं एवढं कौतुक झालं, ड्रमला खेटून ठेवलेले माइक, दाबून भरलेला आवाज, उलटी फिरवलेली टेप, त्यांतल्या बऱ्याच मीकने आधीच वापरून पाहिल्या होत्या. त्याची रीत जिंकली होती; तिचा मोबदला त्याच्याकडे आला नाही. हा एकट्या मीकचा दुर्दैवयोगही नव्हे. बीटल्सच्या विक्रीवर ईएमआय गब्बर होत असताना जॉर्ज मार्टिन तिथे पगारी नोकर होते आणि १९६५ मध्ये त्यांना बाहेर पडून स्वतःची संस्था काढावी लागली. आवाज घडवणारा तो नोकर, ही धारणा एकदा पक्की झाली की त्याचा हिस्सा नाकारणं आणि त्याचं काम पुसणं दोन्ही सारखंच सोपं होतं.

आपल्या चित्रपटसंगीताने हीच धारणा पिढ्यान् पिढ्या जपली. ‘नागिन’चं श्रेय हेमंतकुमारांचं, ते योग्यच, पण ज्या बिनेने तो चित्रपट लोकांच्या स्मरणात राहिला ती वाजवली साहाय्यक कल्याणजींनी, साथीला रवी. शंकर-जयकिशनच्या भव्य वाद्यवृंदामागे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा होते, सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मागे चिक चॉकलेट. अँथनी गोन्साल्विस हे नाव घराघरात पोचलं ते त्यांच्या शिष्याने, प्यारेलालने, १९७७ साली एका विनोदी गाण्यात गोवलं म्हणून. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीचा न काढून घेता येणारा हक्क दिला, ही मोठी गोष्ट झाली. पण संगीत-संयोजक आणि आजचा प्रोग्रामर त्या हक्काबाहेर राहिले. ध्वनिमुद्रणाचा कर्ता कायद्याच्या लेखी ते घडवून आणण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, म्हणजे व्यवहारात बहुधा कंपनी. रात्ररात्र जागून आवाज घडवणाऱ्या तरुणाला एकरकमी मानधन मिळतं आणि तिथे त्याचा संबंध संपतो. मग तीच कंपनी वीस वर्षांनी ते गाणं ‘रीक्रिएट’ करते, आणि तेव्हा विकला जातो तो बहुधा सुरुवातीचा तुकडा किंवा मधला ठेका, म्हणजे ज्याचं नावही कुठे छापलेलं नाही अशा माणसाची कामगिरी.

एका गाण्यावर दहा माणसं हात फिरवतात, वाटा कोणाकोणाला द्यायचा आणि कर्तेपण मोजायचं कसं, असा आक्षेप घेतला जाईल. मोजणं कठीण आहे हे कबूल. पण आजच्या प्रत्येक गाण्याची फाइल संगणकावर असते. कोणी ट्रॅक बांधला, कोणी ठेका घडवला, कोणी मिक्सिंग केलं हे गाण्याशी संबंधित प्रत्येकाला माहीत असतं, आणि नाव छापायला जागाही कमी पडत नाही. टक्केवारी करारात लिहिता येते; लेखक आणि संगीतकार आपसात ती ठरवतातच. वाटेकरी वाढले तर धंदा बसेल, हे तर गीतकार-संगीतकारांनाही २०१२ च्या आधी ऐकवलं जात होतं.