ठासणीची बंदूक आणि निवेदनाचा अवकाश : तुर्गेनेव्हच्या शिकारटिपणांचे एक वाचन

इव्हान तुर्गेनेव्हचे ‘शिकाऱ्याची टिपणे’ हे पुस्तक १८५२ मध्ये मॉस्को येथे दोन भागांत प्रसिद्ध झाले. त्यातील पहिले टिपण, ‘खोर आणि कालिनिच’, १८४७ मध्येच ‘सोव्रेमेन्निक’ या नियतकालिकात आले होते. पुस्तकाला संमती देणाऱ्या सेन्सॉर अधिकाऱ्याला आपले पद गमवावे लागले. १८६१ मध्ये भूदासप्रथा रद्द झाली, तेव्हा त्या परिवर्तनाच्या मानसिक पूर्वतयारीचे श्रेय या पुस्तकालाही देण्यात आले. या इतिहासामुळे समीक्षेत एक समजूत रूढ झाली. शिकार ही केवळ सबब आहे. जमीनदार निवेदकाला शेतकऱ्यांच्या झोपड्यांपर्यंत नेण्यापुरताच तिचा उपयोग आहे. खरा विषय भूदासांचे जीवन हाच होय, अशी ती समजूत. प्रस्तुत निबंधात या समजुतीची फेरतपासणी करावयाची आहे. शिकारीचे साधन, म्हणजे तोंडाकडून भरावयाची ठासणीची बंदूक, आपल्या भौतिक गरजांमुळे या टिपणांतील प्रसंग घडविते आणि त्यांतील नैतिक प्रश्नालाही आकार देते, असे येथे प्रतिपादन आहे.

प्रथम या साधनाचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागेल. लहान पक्ष्यांच्या शिकारीसाठी त्या काळचा सुखवस्तू शिकारी सामान्यतः ठासणीची दुनळी वापरीत असे. प्रत्येक नळीत मोजून बंदुकीची दारू ओतावयाची, तीवर बोळा गजाने ठासावयाचा, मग छर्रे आणि ते घरंगळू नयेत म्हणून पुन्हा एक बोळा. शेवटी घोड्याखालच्या निपलावर स्फोटक टोपी बसवावयाची. एक नळी उडविल्यावर ती पुन्हा भरताना दुसरी भरलेलीच असते. म्हणून तिची टोपी आधी काढावी लागते, आणि धक्क्याने तिच्यातील बोळा सुटला तर नाही ना, हे गजाने पाहावे लागते. काळ्या दारूचा धूर विरेपर्यंत पक्षी पडला की उडाला हेही नीट दिसत नाही. म्हणजे दोन बारांनंतर शिकाऱ्याला सक्तीने उभे राहावे लागते. या अवधीत त्याचे हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे असतात. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर मागून भरावयाच्या काडतुसी बंदुकीचा प्रसार वाढू लागला आणि हा अवधी हळूहळू नाहीसा झाला. तुर्गेनेव्हचे पुस्तक या संक्रमणाच्या उंबरठ्यावर उभे आहे.

या साधनाचे शास्त्र समकालीन रशियन साहित्याला अपरिचित नव्हते. सेर्गेय अक्साकोव्हचे ओरेनबुर्ग प्रांतातील बंदुकीच्या शिकारीवरील पुस्तकही १८५२ मध्येच निघाले आणि त्यावर तुर्गेनेव्हने आस्थेने लिहिले. अक्साकोव्ह आरंभीच बंदूक, दारू, छर्रे, बोळे यांचे स्वतंत्र विवेचन करतो. तुर्गेनेव्ह असे प्रकरण लिहीत नाही. तीच माहिती तो पात्रांच्या अंगावर, त्यांच्या कंबरपट्ट्यात आणि टोपीत ठेवतो.

‘येर्मोलाय आणि गिरणीवाल्याची बायको’ हे टिपण या दृष्टीने मूलभूत मानावे लागेल. येर्मोलाय हा शेजारच्या जमीनदाराचा भूदास. दर महिन्याला मालकाच्या मुदपाकखान्यात तित्तरादी पक्ष्यांच्या दोनेक जोड्या पोहोचविणे त्याच्यावर बंधनकारक आहे. दारू आणि छर्रे मात्र त्याला दिले जात नाहीत. आणि निवेदक शांतपणे नोंदवितो की, येर्मोलाय ज्या नियमाने आपल्या कुत्र्याला खाऊ घालीत नाही, त्याच नियमाने हे चालते. भूदासप्रथेचे अर्थशास्त्र येथे एका वाक्यात आले आहे. वेठ वसूल करावयाची, पण वेठीला लागणारे साधन पुरवायचे नाही. येर्मोलायची बंदूक एकनळी आणि गारगोटीवर चालणारी, म्हणजे त्या काळीही एक पिढी मागे पडलेली आहे. तिच्या धक्क्यांनी त्याचा उजवा गाल डाव्यापेक्षा कायम फुगलेला असतो. बोळ्यांसाठी लागणारे सूत तो डोक्यावरच्या टोपीतून उपसतो आणि ती टोपी कधी संपत नाही. दारू व छर्रे तो एकाच पिशवीच्या दोन कप्प्यांत बाळगतो, पण त्यांची सरमिसळ होऊ देत नाही. याउलट, संध्याकाळी वनाच्या कडेला वुडकॉकची वाट पाहणारा निवेदक आपली स्फोटक टोपी तपासून घेतो. दोघे शेजारी उभे आहेत, पण त्यांच्या चापांमध्ये एका पिढीचे आणि एका वर्गाचे अंतर आहे. तुर्गेनेव्ह हे अंतर भाष्य करून सांगत नाही. बंदुकीचे वर्णन करतो आणि थांबतो.

याच टिपणात पुढे जे घडते ते अधिक सूचक आहे. रात्री गिरणीवर आसरा मागितला असता गिरणीवाला दोघांना आत घेत नाही. तुम्ही शिकारी, तुमच्यापाशी दारूगोळा, गिरणी पेटवाल, ही त्याची भीती. आधीची गिरणी एकदा जळालेली आहे. अखेर त्यांना थोड्या अंतरावरील, चारही बाजूंनी उघड्या छपराखाली गवत मिळते. म्हणूनच गिरणीवाल्याच्या बायकोला, अरीनाला, घराबाहेर यावे लागते. म्हणूनच रात्री शेकोटीपाशी तिचे आणि येर्मोलायचे बोलणे निवेदकाच्या कानी पडते आणि मालकिणीने उद्ध्वस्त केलेल्या तिच्या आयुष्याचा धागा त्याच्या हाती लागतो. दारू जवळ नसती तर निवेदक भिंतीआड झोपला असता आणि कथा घडलीच नसती. ‘सबब’ या संज्ञेत हा कार्यकारणभाव मावत नाही.

‘ल्गोव’ या टिपणात साधनाचा धोका समोर येतो. ठासणीची बंदूक एकदा भरली की ती सहज रिकामी करता येत नाही. विश्रांतीच्या वेळीही ती भरलेलीच राहते. मुक्त झालेला घरगडी व्लादिमिर याची हनुवटी आणि उजव्या हाताची तर्जनी एका अननुभवी मित्राच्या अशाच खेळात गेली आहे. पुढे बदकांच्या शिकारीत जुनी होडी बुडते. गळ्यापर्यंत पाण्यात उभे असलेले तिघे शिकारी बंदुका डोक्यावर धरतात. सुचोक या म्हाताऱ्या भूदासाजवळ बंदूक नाही. मालकांची नक्कल करण्याच्या सवयीने तोही आपला वल्हवायचा बांबू वर उचलतो. त्याच्या बांबूत कोरडे ठेवण्यासारखे काही नाही. मालकांच्या मर्जीनुसार आयुष्यभर कधी आचारी, कधी नट, कधी कोळी झालेल्या या माणसाची सगळी कथा त्या हालचालीत एकवटली आहे.

‘कास्यान’ या टिपणात बंदूक प्रथमच आरोपीच्या जागी येते. निवेदक गवतात राहणारा एक छोटा पक्षी मारतो. सोबतचा ठेंगणा कास्यान हाताने डोळे झाकून घेतो, आणि निवेदक बंदूक पुन्हा भरून पक्षी उचलीपर्यंत हलत नाही. मग तो विचारतो की, हे पाखरू का मारले? खाण्यासाठी नव्हे, करमणुकीसाठी. रक्त उजेडाला दाखविणे हे त्याच्या लेखी पाप आहे. निवेदकापाशी याला उत्तर नाही. तो त्याच्याकडे नवलाने पाहत राहतो. कास्यान स्वतः बुलबुलांसारखे गाणारे पक्षी पकडतो, पण मारण्यासाठी नव्हे, हेही तुर्गेनेव्ह लपवीत नाही. आरोप करणाराही पूर्णतः निर्लेप नाही, म्हणूनच त्याचा आरोप उपदेश न होता प्रश्न राहतो.

येथे भारतीय वाचकाने एक तुलना करावी. आपल्याकडे इंग्रजीतून आलेल्या शिकारकथेचा ठसा मोठ्या जनावराचा आहे. जिम कॉर्बेटच्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ (१९४४) मध्ये नरभक्षक वाघ हाच कथेचा कणा असतो. सारे लक्ष त्याच्या मागावर लागलेले असते. लहान पक्ष्याच्या शिकारीत असा नायक घडत नाही. पक्षी निसटला तरी काही बिघडत नाही, म्हणून लक्ष माणसांकडे वळू शकते. परंतु या सौम्यतेने आपण भुलू नये. निवेदक कोणाच्याही रानात मोकळेपणी फिरू शकतो तो जमीनदार म्हणूनच. आपल्याकडे १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदूक ही परवान्याची वस्तू ठरली. नावातच शिकार असलेला पारधी फासे आणि जाळी घेऊन राहिला आणि १८७१ पासून सुरू झालेल्या, १९५२ मध्ये संपलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या व्यवस्थेत सापडला. येर्मोलाय निवेदकाचा सोबती होऊ शकला. पारध्याची नोंद सरकारी दप्तरात संशयित म्हणून झाली. ‘शिकारी’ हा शब्द दोन समाजांत एकाच जागेवरून उच्चारला जात नाही, याचे भान तौलनिक अभ्यासाने ठेवले पाहिजे.

बंदूक भरण्याचे सामान १८७४ च्या ‘चाके खडखडतात’ या टिपणातही कथेला चालना देते. छर्रे संपतात, पिशवीला बहुधा भोक पडलेले असते, आणि ते आणण्यासाठी निवेदक रात्री तूला शहराकडे निघतो. त्या वाटेवरच संशयित लुटारूंची गाडी त्याच्या मागे लागते. काडतुसांचा प्रसार झालेल्या काळातही तुर्गेनेव्ह आपल्या शिकाऱ्याला सुट्या छर्ऱ्यांच्या पिशवीशी बांधून ठेवतो, ही निव्वळ सवय म्हणता येणार नाही.

यातून अनुवादाचा एक प्रश्न उभा राहतो. काडतुसाला सरावलेल्या वाचकापुढे ‘मी बंदूक भरली’ एवढेच ठेवले, तर कास्यानचा हात डोळ्यांवर दोन क्षण राहील. मराठीत मात्र ‘ठासणे’ हे क्रियापद जिवंत आहे, ‘बार भरणे’ आहे, आणि ‘फुसका बार’ तर बंदूक न पाहिलेल्यांच्याही तोंडी आहे. अनुवादकाने ‘मी बार ठासून भरीपर्यंत’ असे लिहिले, तर दारू, बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, टोपी, इतका सारा वेळ कास्यान डोळे झाकून उभा राहील. आणि हे सारे करीत असताना निवेदकाला त्या झाकलेल्या डोळ्यांसमोर उभे राहावे लागेल. या टिपणाचा नैतिक अर्थ त्या अवधीत आहे. तो जपणारा शब्द मराठीपाशी आहे, आणि अनुवादकाने तो सोडू नये.