'निवेदन': २५० सोडून ५०

धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन' (१९२४) हे ध्यासाची प्रेरक गोष्ट म्हणून भेट दिलं जातं. मला ते तसं वाचता येत नाही. गोव्यात साखवाळला नारळाच्या बागा सांभाळत कुढणारा हा तरुण 'बालबोध' मासिकातल्या बुद्धचरित्राने हलतो आणि १८९९ च्या अखेरीस घर सोडतो. पुढे पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश. पण ध्यासाचे गोडवे इथे नाहीतच. काशीतलं अन्नछत्र, आजारपणं, उसने पैसे, असा सगळा कोरडा जमाखर्च आहे. महाराष्ट्रात राहता यावं म्हणून त्यांनी कलकत्ता विद्यापीठाचे दरमहा २५० रुपये नाकारून सयाजीरावांचे ५० घेतले, तेही त्याच सुरात येतं. पोस्टडॉकच्या पगारावर जगणाऱ्या मला (इथे बरेच जण हसतील) पुस्तकातला हाच भाग सगळ्यात जिवंत वाटतो. आवाज न चढवता सांगितल्यामुळेच तो पटतो.

१९१० मध्ये ते 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनासाठी हार्वर्डला आले. श्रेयावरून प्रा. लॅनमन यांच्याशी बिनसलं आणि १९१२ मध्ये ते परतले. तरी त्याच ग्रंथासाठी ते पुन्हा पुन्हा इथे येत राहिले. तो छापून निघाला १९५० मध्ये. कोसंबी १९४७ मध्येच गेले होते.

मला खटकते ती बाळाबाईंची जागा. तान्ही मुलगी आणि बायको मागे ठेवून गेल्याचं कोसंबी लपवत नाहीत. पण ज्या माणसाला प्रवासातले पैसे आठवतात, त्याने बाळाबाईंच्या त्या वर्षांना फार थोड्या ओळी दिल्या आहेत.